घरी पिना कोलाडा: नारळाचे कण तरंगतात, काय करू?

गच्चीवरची

मे महिन्यात दीर-जाऊ आणि नवऱ्याचे दोन मित्र जेवायला येणार आहेत. संध्याकाळी गच्चीवर बसायचा बेत आहे. दरवेळचं बिअर आणि शेंगदाणे नको, काहीतरी गार, फळाचं, मन लावून केलेलं द्यावं असं डोक्यात आहे. म्हणून पिना कोलाडा, म्हणजे रम, अननस आणि नारळाचं कॉकटेल, ठरवला.

आमच्याकडे हॉटेलांत मिळतो तो बहुतेक ठिकाणी बाटलीतल्या सिरपवर केलेला असतो. गोडमिट्ट, नारळाच्या इसेन्सचा वास, अननस नावाला. मला तसला नको आहे. घरी एकदा करून पाहिला: खोक्यातलं नारळाचं दूध, पिठीसाखर, पॅकबंद अननस रस, पांढरी रम आणि बर्फ, सगळं मिक्सरला फिरवलं. पहिला घोट बरा लागतो, पण एकूण पाणचट. आणि पाचेक मिनिटांत वर पांढरे कण तरंगायला लागतात, काचेला मेणचट थर धरतो. बघूनच पिऊ नयेसं वाटतं.

तेव्हा जाणकारांनो, नारळाचं नेमकं काय घालायचं? दूध, क्रीम, की घरचा नारळ खवून काढलेला रस? रम कोणती घ्यावी? आणि अननस ताजा घेतला तर खरंच फरक पडतो का? सहा जणांसाठी करायचाय. शिवाय सासूबाई आणि माझी मुलगी यांना रमशिवायचा.

बे_एके_बे

वाखुसा (वाचनखूण साठवली). पाणी नव्हे, नारळपाणी धरून बसलोय, येऊ द्या प्रतिसाद.

दर्यावर्दी

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पोर्तो रिकोत, त्या कॅरिबियन बेटावर आहे. जहाजावर नोकरी असताना तिथल्या राजधानीत, सान हुआनला जाणं झालं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे पेय तिथलंच. कॅरिब हिल्टन हॉटेलचा बारटेंडर रामोन 'मोंचितो' मार्रेरो याने 1954 साली ते बसवलं असं हॉटेल सांगतं. जुन्या सान हुआनमध्ये बार्राचिना नावाचं रेस्टॉरंट आहे, त्यांच्या दारात संगमरवरी पाटी आहे की 1963 साली ते आमच्याकडे जन्मलं, आणि करणारा दुसराच रामोन, रामोन पोर्तास मिंगोत. दोन्ही ठिकाणी लोक तितक्याच श्रद्धेने रांग लावतात. 1978 मध्ये पोर्तो रिकोने त्याला आपलं अधिकृत पेय जाहीर केलं.

पण माझ्या मते या दोघांच्याही आधी मान द्यायचा तो तिसऱ्या रामोनला. रामोन लोपेझ इरिझारी हे तिथल्या विद्यापीठात शेतीविषयाचे प्राध्यापक होते. नारळाचं घट्ट दूध काढून त्यात उसाची साखर घालून ते एकजीव करायची रीत त्यांनी बसवली आणि त्याचा डबा 'कोको लोपेझ' नावाने बाजारात आणला. पिना कोलाड्यात पडतं ते हे. नारळाचं दूध नव्हे. तुम्ही खोक्यातलं दूध घातलंत, तिथेच गाडी रुळावरून उतरली.

हिल्टनचं माप आपल्या हिशोबात सांगायचं तर 60 मिली पांढरी रम, 30 मिली नारळाचं क्रीम, 30 मिली दुधाची साय म्हणजे फ्रेश क्रीम, 180 मिली ताजा अननस रस आणि अर्धा कप चुरलेला बर्फ. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत मात्र 50 रम, 30 नारळ, 50 अननस रस असं आहे आणि साय नाही. दोन्ही करून बघा. मला पहिला आवडतो, तो पोटभरीचा आहे, पण समुद्रावरून चालत आल्यावर तसाच हवा असतो.

मालवणी_माणूस

दर्यावर्दी काका, माहिती एक नंबर. पण डब्यासाठी पोर्तो रिकोपर्यंत कशाला जायचं? आमच्याकडे शिरवाळ्यांसोबत नारळाचा गोड रस करतात तो कोणी खाल्लाय का? घट्ट रस, त्यात गूळ, वेलची. त्यातला गूळ काढून साखर घाला आणि वेलची वगळा, तुमचं क्रीम बऱ्यापैकी तयार.

ताई, असं करा. दोन जून नारळ घ्या. शहाळ्याच्या जवळपासचे कोवळे नकोत, कानाशी हलवल्यावर पाणी खळखळ वाजलं पाहिजे. खवताना करवंटीपर्यंत जाऊ नका, तपकिरी भाग आला की रंग आणि चव दोन्ही बिघडतात. खोबरं मिक्सरमध्ये घालून अर्धी वाटी कढत पाणी, त्याहून जास्त नाही. दोन मिनिटं तसंच राहू द्या, मग फिरवा आणि स्वच्छ पंचात घेऊन पिळा. पिळा म्हणजे मनगट दुखेपर्यंत पिळा. हे पहिलं दूध. नारळ चांगला असेल तर दीड-दोन वाट्या निघतं. दुसऱ्यांदा पाणी घालून काढाल ते सोलकढीला ठेवा, ते इथे चालणार नाही. तुमच्या खोक्यातलं दूध बहुधा त्या दुसऱ्या दुधाच्या जातीचं असणार, म्हणून पाणचट.

मग साखर घालून अगदी मंद आचेवर, हलवत राहून, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं. उकळी आणायची नाही. उकळलं की फुटलं. चिमूटभर मीठ विसरू नका.

चिंचगूळ

नारळ खवायला कोण बसणार हे आधी ठरवा, रमचं नंतर बघू. :)

मालवणी_माणूस

@चिंचगूळ, ज्याला दुसरा ग्लास हवा तो. आमच्या घरी हाच नियम आहे आणि विळीवर कधी माणसाची कमतरता पडली नाही.

रसायनी

कण का येतात ते सांगतो, म्हणजे उपाय आपोआप कळतील.

नारळाच्या दुधात खोबरेल तेलाचे बारीक थेंब पाण्यात अडकलेले असतात. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, हिवाळ्यात बाटलीत बघतोच आपण. तुम्ही त्याला एकदम शून्याच्या आसपासच्या बर्फात घालता. थेंब नीट अडकलेले नसतील तर ते एकमेकांना चिकटतात आणि गोठून कण होतात. त्यात अननस आंबट. आंबटपणाने नारळातली प्रथिनं आकसतात, मग तेल धरून ठेवायला कोणी उरत नाही. काचेवरचा मेणचट थर म्हणजे चक्क गोठलेलं खोबरेल आहे.

भरपूर साखरेने पाक दाटतो आणि थेंबांची हालचाल मंदावते. डब्यातल्या क्रीममध्ये याशिवाय डिंकासारखे घटक घातलेले असतात. घरी करताना 400 मिली घट्ट दुधाला 300 ग्रॅम साखर घ्या. हे जास्त वाटेल, पण ग्लासात त्यातलं थोडंच जाणार आहे आणि वेगळी साखर घालायची नाही. मालवणी_माणूस म्हणतात तसं गरम करून, गरम असतानाच मिक्सरला दोन-तीन मिनिटं फिरवा. थेंब जितके बारीक तितके ते टिकतात. केकचं सामान मिळतं त्या दुकानात झँथन गम (दाटपणा आणणारी पूड) असतो, तो असल्यास दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढाच साखरेत मिसळून घाला. जास्त झाला तर बुळबुळीत होतं.

आणि एक सावधगिरी. काकांच्या मापात साय आणि ताजा अननस दोन्ही आहेत. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधाची प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळाने कडवट चव येते. हिल्टनमध्ये बारटेंडर करून हातात देतो, तुम्ही लगेच पिता, त्यामुळे कळत नाही. पण गच्चीवर जग भरून तासभर ठेवणार असाल तर साय टाळा. डबाबंद रस तापवलेला असतो, त्यात हे विकर मेलेलं असतं, त्याच्याबरोबर साय चालेल.

कळसूबाई

इतका अभ्यास बारावीला केला असता तर मेडिकलला लागलो असतो सगळे. हलके घ्या.

रमबद्दल कोणीच बोलेना. माझं मत ओल्ड मंक. 1954 सालची तीही, काकांच्या हिल्टनच्या बरोबरीची! अननसाबरोबर तिचा व्हॅनिलासारखा वास फार छान जमतो. पांढऱ्या रमला वासच नसतो, मग घालायची कशाला?

दर्यावर्दी

कळसूबाई, इथे मी नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणणार. पोर्तो रिकोच्या पांढऱ्या रमला वास नसतो हे खरं नाही. तिथल्या नियमाप्रमाणे रम किमान एक वर्ष ओकच्या पिंपात मुरावीच लागते. मग कोळशातून गाळून तिचा रंग काढतात. रंग जातो, मुरलेपणा सगळा जात नाही. पोन्से गावच्या सेरायेस कुटुंबाची 'डॉन क्यू' तिथले लोक पितात, तिच्यात हलका गोडसर वास असतो जो अननसाच्या आड येत नाही. पिना कोलाड्यात बोलायचं अननसाने आणि नारळाने, रमने मागे उभं राहायचं. ओल्ड मंक मागे उभी राहणारी नाही.

म्हापशेकर

पांढरी रम हवी तर गोव्यात आता चांगल्या मिळतात. इथल्याच डिस्टिलरींच्या पांढऱ्या रम आहेत, नारळाची चव दिलेली 'काबो' आहे. मात्र नारळाची रम घातलीत तर क्रीम थोडं कमी करा, नाहीतर नारळावर नारळ होतो.

बाकी मे महिन्यात गच्चीवर बसणार आणि हुर्राक नाही? काजूचा पहिला उतारा, फेणीपेक्षा बराच हलका, मार्च ते मे एवढाच मिळतो. लिम्का, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, लिंबाची फोड. मिरचीचा झणका घशात उतरतो तेव्हा घाम सुटतो आणि मग वारा लागला की जे गार वाटतं ते कुठल्याही बर्फाने वाटत नाही. नारळ खवणं नको, पंचा पिळणं नको.

चिंचगूळ

म्हापशेकर, हुर्राकवर वेगळा धागा काढाच. हिरवी मिरची वाचून तोंडाला पाणी सुटलं. पण इथे ताईंचा पिना कोलाडा होऊ द्या.

माझं म्हणणं, हे सगळं फारच गोड होणार. त्यात आंबट हवं. कोकमाचं आगळ घालून बघा, रंगही सुंदर येईल.

दर्यावर्दी

आगळ घातलं की ती गोड सोलकढी झाली, पिना कोलाडा राहिला नाही. लिंबू घाला. संघटनेच्या पाककृतीतही पूर्वी लिंबाचे थेंब घालत असा उल्लेख आहे.

चिंचगूळ

काका, सोलकढीत रम घातली तर काय बिघडलं?

मालवणी_माणूस

बिघडलं! सोलकढी जेवणानंतरची. तिला तिच्या जागी राहू द्या, हात जोडतो.

आंबटाबद्दल मात्र चिंचगूळशी सहमत. नारळाच्या स्निग्धपणाला काहीतरी कापणारं लागतंच. लिंबूच, आणि तेही शेवटी.

न्यूजर्सीकर

इकडे कोको लोपेझचा डबा सुपरमार्केटात सहज मिळतो, पण तो दारूबरोबर प्यायच्या सोड्या-सिरपांच्या फळीवर असतो, नारळाच्या दुधाशेजारी नाही. आपले लोक हमखास 'कोकोनट क्रीम' लिहिलेला बिनसाखरेचा डबा उचलून आणतात. तो वेगळा, करीसाठीचा. डब्यावर साखर आहे का एवढं बघा. साखरेचा डबा उघडल्यावर वर घट्ट गोळा आणि खाली पाणी दिसेल. डबा आधी गरम पाण्यात ठेवा, मग सगळं काढून एकत्र घोटा.

पाणचटपणाचा खरा गुन्हेगार मला बर्फ वाटतो. मी बर्फ जवळजवळ घालतच नाही. अननसाच्या फोडी ताटात एकेक सुट्या पसरून रात्रभर फ्रीझरला ठेवते आणि त्याच मिक्सरला लावते. गारवाही मिळतो, दाटपणाही आणि विरघळलं तरी अननसच विरघळतो. घरी पिना कोलाडा करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून बघावंच, इतका फरक आहे. रम पण आदल्या रात्री फ्रीझरला टाका, गोठत नाही.

वाशीचा_बाजार

अननसावर बोलायचा हक्क आमचा. :)

मुंबईच्या बाजारात येतो तो बराचसा केरळचा, वाळकुळमच्या बाजूचा. तोडल्यानंतर अननस पिवळा होतो, मऊ होतो, पण त्याची गोडी वाढत नाही. झाडावर जेवढी भरली तेवढीच. म्हणून नुसता रंग बघून घेऊ नका. बुडाशी नाक लावा. गोड, भरलेला वास आला पाहिजे. वास नसेल तर कच्चा तोडलाय, आंबूस-दारूसारखा आला तर उतरलाय. हातात घेतल्यावर दिसतो त्यापेक्षा जड लागला पाहिजे.

अननस बुडाकडे जास्त गोड असतो, शेंड्याकडे आंबट. कापायच्या आधी शेंडा खाली करून उलटा ठेवा वगैरे लोक सांगतात, त्यापेक्षा सगळ्या फोडी एकत्र मिसळा म्हणजे प्रत्येक ग्लास सारखा होईल. डोळे नीट काढा, मधला दांडा टाकून द्या, तो मिक्सरमध्ये बारीक होत नाही आणि दातात येतो.

बे_एके_बे

रम, कोला, लिंबू, बर्फ. तीस सेकंद. क्यूबावाले पण हेच पितात. एवढा खटाटोप?

न्यूजर्सीकर

@बे_एके_बे, कूबा लिब्रे, म्हणजे तुमचं हे रम-कोला, छानच आहे, पण ते मंगळवारचं पेय. पाहुणे येणार असतील तेव्हा खटाटोप हाच पाहुणचार असतो.

गच्चीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने लिहिताय की नारळ आजच आणावेसे वाटतायत.

फोडी गोठवायचं पक्कं केलं. साय रद्द, लिंबू मंजूर, आगळ सोलकढीला. रमचं अजून ठरत नाहीये, कारण नवरा कळसूबाईंच्या बाजूने आहे. अजून एक: घरचा मिक्सर साधा आहे, 500 वॉटचा. गोठलेल्या फोडींनी पातं अडकेल का?

रसायनी

अडकेल, जर जार कोरडा ठेवून फक्त फोडी टाकल्यात तर. आधी द्रव घाला, म्हणजे नारळाचं क्रीम आणि थोडा ताजा रस, मग फोडी, अर्ध्या जारपेक्षा जास्त नाही. फोडी बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या नकोत, आणि फ्रीझरमधून काढून पाच मिनिटं बाहेर ठेवा. बटण थांबून थांबून दाबायचं. बर्फ घालायचाच असेल तर जाड टॉवेलात गुंडाळून बत्त्याने ठेचून घाला, अख्खे खडे टाकून मिक्सरचं पातं कशाला झिजवायचं.

रम सगळ्यात शेवटी, हलकेच ढवळून. म्हणजे त्याच जारमधून सासूबाई आणि मुलीचा ग्लास आधी काढता येईल, वेगळं करावं लागणार नाही.

स्टेथो

रसायनी यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. आधी मुलांचं आणि बिनरमचं बाजूला काढा, ग्लासही वेगळ्या आकाराचे ठेवा. गच्चीवर अंधारात दोन्ही पांढरेच दिसतात.

मी अधूनमधून असल्या धाग्यांवर रंगाचा बेरंग करायला येते, रागावू नका. आपल्याकडची रम 42.8 टक्के असते. 60 मिलीत सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. साध्या पेगमध्ये जिभेला ते कळतं, माणूस सावकाश पितो. इथे गोडात आणि गारव्यात काहीच कळत नाही, सरबतासारखं घटाघट जातं आणि दुसरा संपेपर्यंत पहिला अजून चढायचा असतो. 45 मिली ठेवा, चवीत काहीही कमी होत नाही. सोबत खायला ठेवा. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांना बिनरमचा द्या, तो तितकाच छान लागतो. आणि महाराष्ट्रात रमसारख्या कडक दारूसाठी वय 25 पूर्ण लागतं, परवानाही लागतो. दीर-जाऊ किती वर्षांचे आहेत मला माहीत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

कळसूबाई

डॉक्टर, बेरंग कसला, बरोबर बोललात. आमच्या ग्रुपमध्ये आता एक जण ठरवून बिनरमचा पितो आणि सगळ्यांना सोडतो. पाळी लावली आहे.

तरी ओल्ड मंकचा मुद्दा सोडत नाही. काका, एवढ्या समुद्रावर कोणीच काळी रम नारळात घालत नाही?

दर्यावर्दी

घालतात! आणि मी हे आधीच सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पोर्तो रिकोच्या पूर्वेला ब्रिटिश व्हर्जिन बेटं आहेत. त्यातल्या योस्ट व्हॅन डाइक नावाच्या चिमुकल्या बेटावर 'सॉगी डॉलर' नावाचा बार आहे. तिथे धक्काच नव्हता. लोक होडी खोल पाण्यात उभी करून पोहत यायचे आणि खिशातल्या ओल्या नोटा काउंटरवर ठेवायचे. त्यांचं पेय 'पेनकिलर': काळी रम, चार भाग अननस रस, एक भाग संत्र्याचा रस, एक भाग तेच नारळाचं गोड क्रीम, चुरलेला बर्फ आणि वर ताजं किसलेलं जायफळ. मिक्सर नाही, नुसतं जोरात हलवायचं. रम दोन भागांपासून चार भागांपर्यंत, आपापल्या झेपेप्रमाणे, पण डॉक्टरांचं ऐका आणि दोनवर थांबा.

ओल्ड मंकची जागा ही. जायफळाचा वास आणि तिचा मुरलेला गोडवा एकमेकांना धरतात. नवऱ्याला हा द्या, बाकीच्यांना पांढरा.

मालवणी_माणूस

जायफळ! काका, हे आधी सांगायचं ना. आमच्या परसात झाड आहे. बाजारातली जायफळाची पूड वापरू नका ताई, अख्खं आणा आणि ग्लासावर तिथल्या तिथे किसा. दोन फेऱ्या किसणीवर, बास.

कळसूबाई

काका, साष्टांग. आजपासून पांढऱ्या रमशी माझं वैर संपलं.

म्हापशेकर

आणि माझं हुर्राक वाऱ्यावर. असो, धागा काढतोय.

गच्चीवरची

परवा बेत झाला. फोटो काढायच्या आत ग्लास उचलले गेले, तेव्हा वर्णनावर भागवून घ्या.

नारळ दिरांनी खवले (नियम सांगितला होता). दोन नारळांचं सगळं पहिलं दूध मोजून घेतलं, रसायनींच्या प्रमाणात साखर, चिमूट मीठ. मंद आचेवर बोटाला चटका बसेल इतपतच गरम केलं आणि गरमच मिक्सरला लावलं. झाकण घट्ट दाबून धरायला लागतं, वाफेने उडतं. गम मिळाला नाही. गार झाल्यावर चमच्याच्या पाठीला जाड साय धरावी तसं चिकटत होतं, रंग मोत्यासारखा, आणि फ्रीजमध्ये रात्रभर ठेवूनही फुटलं नाही. वर किंचित घट्ट थर आला होता, ढवळल्यावर मिसळला.

दर ग्लासाला तीन मोठे चमचे म्हणजे 45 मिली हे क्रीम, पाऊण वाटी गोठलेल्या फोडी, पाव वाटी ताजा रस, दोन चमचे लिंबू. दोनदा दोनदा करून मिक्सरला फिरवलं. रम 45 मिली, खोकल्याच्या औषधाच्या 15 मिलीच्या टोपणाने तीन वेळा मोजली. कण आले नाहीत. अर्ध्या तासाने एका ग्लासात तळाशी पिवळं पाणी आणि वर फेस असे दोन थर झाले, पण चमच्याने ढवळल्यावर पूर्ववत. काचेवर मेणचट काही नाही.

अननसाचा फरक पडतो का, हा प्रश्न मी विचारला होता. जाऊबाईंनी ग्लास तोंडाशी नेण्याआधीच "अननस कापलाय का?" असं विचारलं. पॅकबंद रसाला असा वास येत नाही.

नवरा आणि त्याचा मित्र पेनकिलरवर खूश. संत्री या दिवसांत नीट मिळाली नाहीत, मोसंबी घातली. थोडं सपक झालं, पुढच्या वेळी हिवाळ्यात नागपुरी संत्र्यांवर करू. जायफळाने मात्र मजा आणली. सासूबाईंनी आपल्या बिनरमच्या ग्लासावरही किसून घेतलं आणि दुसऱ्यांदा मागितला.

आता दोन शंका. उरलेलं क्रीम किती दिवस टिकेल? आणि नारळाचा चोथा ढीगभर उरलाय.

मालवणी_माणूस

वा! वाचून बरं वाटलं. मोसंबीत आंबटपणा कमी, म्हणून सपक. अशा वेळी लिंबू थोडं वाढवायचं.

चोथ्यातून दुसरं दूध काढलंत का? काढलं नसेल तर आजच काढा, नाहीतर खवट होईल. ते झाल्यावर चोथा कढईत कोरडा भाजून लसूण-मिरचीची सुकी चटणी करा. खोबऱ्याइतकी तेलकट होत नाही, पण भाकरीबरोबर जाते.

रसायनी

क्रीम स्वच्छ कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रीजच्या आतल्या बाजूला. साखर भरपूर आहे, तरी घरचं ताजं नारळाचं दूध आहे, चार-पाच दिवसांच्या पुढे भरवसा ठेवू नका. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वापरताना आधी गरम पाण्यावर धरून पूर्ण पातळ करा, पुन्हा एकदा मिक्सरला फिरवा, मगच गार जिन्नसांत घाला. थेट गोठलेलं टाकलंत तर परत तेच कण येतील.

बे_एके_बे

मी शनिवारी करतोय. विळी शेजारून आणलीये. काका, डॉन क्यू इथे मिळत नाही, पांढऱ्यात दुसरं काय घेऊ?

दर्यावर्दी

आपल्याकडे सहज मिळणारी कुठलीही साधी पांढरी रम घ्या, फक्त फळांची चव दिलेली नको. आणि बाटली उघडल्यावर आधी चमचाभर नुसती चाखा. नुसती असताना घशाला ओरखडली, तर साखर कितीही घाला, ग्लासातही ओरखडणारच.